सावली कुठे पडते

पुण्याला समुद्र नाही,
तरी मी आठवड्यातून दोनदा नांगर टाकते.
टायटॅनियमचा एक स्क्रू,
आंबेमोहोराच्या दाण्याहून जरासा मोठा.
पुढचे दात मागे ओढायला जावं
तर मागची दाढच पुढे सरकत येते,
भिडस्त माणसासारखी.
म्हणून हाडात असं काही रोवायचं
जे कुणाच्याच बाजूचं नाही.

आज खुर्चीत शाहीन बागवान.
मार्केट यार्डात अब्बांचा गाळा.
"मी कलिंगड टिचकीवर ओळखते,
तुम्हाला कशाला लागतात एवढे फोटो?"

कशाला, तर
उपदाढ आणि दाढ यांच्या मुळांमध्ये
जागा तीन मिलिमीटर.
स्क्रूची जाडी दीड.
दोन्हीकडे उरतं ते पाऊण-पाऊण,
आणि सकाळपासून माझे चहा झालेत तीन.

पितळेची तार घेते.
एक टोक ब्रॅकेटच्या तारेत अडकवायचं,
दुसरं हिरडीवर खाली सोडायचं,
टोकाला बारीक वेटोळं.
पक्कड धरताना अंगठा आपोआप आडवा पडतो,
तांबट आळीत वडिलांचा पडायचा तसा.
ते घागरीला मठार द्यायचे
परकाराची एक फिकट रेघ पाहून.
पण ठोका चुकला तर
घागर पुन्हा भट्टीत जायची.
मूळ कुठे न्यायचं?

पहिला एक्स-रे.
वेटोळं बरोब्बर मधोमध.
इतकं मधोमध की हात स्क्रूकडे गेलासुद्धा.
मग दिसलं,
शेजारच्या दातांच्या कडा एकमेकींवर चढल्यात.
म्हणजे नळी तिरकी होती,
म्हणजे सावली खोटं बोलत होती,
आणि मला हवं तेच बोलत होती.

नळी सरळ केली. दुसरा एक्स-रे.
कडा सुट्या झाल्या, मध्ये काळी फट.
आणि वेटोळं दाढेच्या मुळावर
कावळ्यासारखं बसलेलं.

तार पुढे सरकवली, अर्धा मिलिमीटर.
तिसरा. आता ठीक.
वेटोळ्यातून हिरडीवर टोचून खूण केली,
रक्ताचा एक थेंब, बस.

भूल दिली ती फक्त हिरडीपुरती.
मुळाभोवतीची जाणीव मुद्दाम जागी ठेवली.
"कळ आली की हात वर कर. लाजू नकोस."
पहिला फेरा. दुसरा. तिसरा.
हाड आत घेत होतं, सागवानाने घ्यावं तसं.
बाहेर टिळक रोडवर कुणीतरी
हॉर्नवरचा हात काढायला विसरलं होतं.

चौथ्या फेऱ्याला तिचा हात वर.

थांबले.
पडद्यावर सगळं ठीक होतं. अजूनही आहे.
वेटोळं मधोमध, कडा सुट्या,
कुठल्याही परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असं चित्र.
पण चित्र सपाट असतं,
आणि शाहीन सपाट नाही.
टोचायची जागा त्याने सांगितली होती,
आत शिरताना माझं मनगट किती कललं
हे त्याला कसं कळावं?

स्क्रू मागे घेतला, मनगट सरळ केलं,
पुन्हा पहिल्यापासून.
ह्या वेळी तिचे दोन्ही हात पोटावर,
एका नखावरची मेंदी निम्मी उडालेली.

शेवटचा एक्स-रे काढला.
दोन्हीकडे पाऊण-पाऊण नव्हतं,
एकीकडे थोडं जास्तच. चालतं.

चूळ भरून म्हणाली,
"काढल्यावर भोक राहील?"
"बुजेल. तुला आठवणारसुद्धा नाही."
"मला आठवेल," ती म्हणाली,
आणि ती वाकडी तार मागून घेतली.
अब्बांना दाखवायला.

रात्री वडिलांना फोन केला.
आयुष्यभराच्या ठोक्यांनी कान गेलेत,
ओरडून सांगावं लागतं.
"आज पितळेचं काम केलं!"
"डाग दिलास?"
"नाही, नुसती तार वाकवली!"
"मग ते कसलं काम," म्हणाले
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.